खारूची फांदी

४ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी लवकर उठलो, अंघोळ केली, आईनं लहानपणी शिकवलेली प्रार्थना म्हटली आणि ट्रंक घेऊन नव्या नोकरीच्या घरी आलो. छापखाना बंद पडल्यापासून हातांना काम नव्हतं. पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात माझी उमर गेली. या वयात दुसरं कोण उभं करणार, असं वाटत होतं, पण देवाला काळजी असते.

घर बैठं आहे, स्वच्छ. मला मागच्या बाजूची खोली दिली आहे. खिडकीतून वाळत घातलेले कपडे आणि शेजाऱ्यांची मांजर दिसते. घरात दोघंच. साहेब पूल बांधणारे इंजिनियर होते. दिवाणखान्यात भिंतभर त्यांच्या पुलांचे फोटो आहेत. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओघळलं आणि बोलणं एका शब्दावर येऊन थांबलं. काहीही विचारा, साहेब म्हणतात, 'बरोबर.'

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचं ठरवलं. त्या मला लगेच भाऊ म्हणू लागल्या. बोलक्या आहेत. म्हणाल्या, लग्नाला इतकी वर्षं झाली भाऊ, पण यांच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द आत्ता ऐकायला मिळतोय. मी हसलो, त्याही हसल्या. मग पदरानं साहेबांची हनुवटी पुसली. पूर्वी साहेब त्यांना एका वेगळ्याच नावानं हाक मारायचे म्हणे. कोणत्या, ते सांगेनात. तेवढी एक हाक ऐकली की मी मोकळी झाले, म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. जेवण कसं, खाट कशी, उशी उंच नाही ना, सगळं विचारून घेतलं. परगावी औषधांच्या दुकानात काम करते, तेव्हा वडिलांना पेशंटसारखं वागवणं आलंच. लहानपणी दोन्ही हातांत धरून कुरतडत खायची म्हणून मी तिला खारू म्हणतो. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना.

५ फेब्रुवारी, मंगळवार

माझं काम आज कळलं. साहेबांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वयानं खारूएवढ्याच. त्यांनी साहेबांच्या संगणकावर मनाचा नकाशा काढण्याचं एक सॉफ्टवेअर घातलं आहे. मोठ्या स्क्रीनच्या मधोमध एक फुगा, त्यात 'मी' लिहिलेलं. हा मी म्हणजे साहेब. त्यातून फांद्या निघतात, फांद्यांना आणखी फुगे: घर, पूल, नातेवाईक. काही फुगे कशालाच जोडलेले नाहीत, नुसते कडेला तरंगतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साहेबांची माहिती पुसली गेलेली नाही, तिच्याकडे जायचे रस्ते तुटलेत. फुगे हलवून हलवून नवे रस्ते पडतात.

फुगा माऊसनं धरून ओढला की तो दुसऱ्या फांदीला जाऊन चिकटतो. त्याच्याखाली जे जे असेल ते सगळं त्याच्यासोबत जातं. कोंबडीमागे पिल्लं जावीत तसं. फांदी मिटूनही ठेवता येते, मग नुसतं अधिकचं चिन्ह दिसतं. मला गंमत वाटली.

नियम दोनच. साहेब जे बोलतील, दाखवतील, त्याचा फुगा करायचा. आणि डाव्या हातानं त्यांनी जो फुगा जिथं नेऊन ठेवला, तो तिथंच राहू द्यायचा. चुकीचा का असेना. त्यांच्या हाताला अडवायचं नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

माऊस अजून हातात बसत नाही. परवा माझ्या हातून साहेबांचा एक पूल सासुरवाडीत गेला. वहिनी म्हणाल्या, जाऊ दे, तिथं नाहीतरी काही बांधलं नव्हतं त्यांनी.

म्हणून दुपारी साहेब झोपले असताना सराव करायचं ठरवलं. वेगळा नकाशा उघडायला गेलो तर सॉफ्टवेअर ऐकेना. फुकटातल्या प्रकारात एकच नकाशा मिळतो. तेव्हा साहेबांच्याच नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, कशालाही न जोडता, एक फुगा काढला. 'भाऊ' लिहिलं. त्यातून फांद्या काढल्या. शाळेमागची विहीर. आई. आईची प्रार्थना. छापखाना. सायकल. खारू. इकडचं तिकडे ओढून पाहिलं, मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. हात बसला.

पुसून टाकणार होतो, पण बघताना बरं वाटलं. आपलं आयुष्य एवढ्याशा कोपऱ्यात नीट मावलेलं. राहू दिलं. कोणाला अडचण होत नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज साहेबांनी माझ्या कोपऱ्यातली विहीर उचलली आणि स्वतःच्या 'मी'ला नेऊन जोडली. मी हसलो. नियम म्हणजे नियम, राहू दिली. साहेब बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते.

चहाच्या वेळी कप खाली ठेवून ते एकदम बोलले. अख्खं वाक्य. म्हणाले, विहिरीत कासव होतं, मधली पायरी तुटलेली, तिथं शेवाळ, तिथं पाय घसरायचा.

वहिनींच्या हातातून बशी पडली. त्यांनी साहेबांना मिठीच मारली आणि मग लाजून आत पळाल्या. डॉक्टरीणबाईंना फोन गेला. घरात आनंदीआनंद.

मी फुग्यात कासव लिहिलं नव्हतं. पायरीही नाही.

कुठं कधी बोलण्यात आलं असेल. मी बडबड्या नाही, पण असेल. आता हे लिहिताना ते कासव आठवायचा प्रयत्न करतो आहे. विहीर हा शब्द दिसतो. पाणी दिसत नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

पाणी अजून दिसत नाही. खारूला फोनवर विचारलं, मी तुला शाळेमागच्या विहिरीचं काही सांगितलं होतं का? ती म्हणाली, बाबा, शंभरदा! कासव, शेवाळ, तुम्ही पडलात आणि आजीनं आधी धोपटलं, मग हळद लावली. मी हो हो म्हटलं. ऐकताना दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐकावी तसं वाटलं.

वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो वयाप्रमाणे होतं, मी परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधला. खरं असेल. मी माझी फांदी मिटून ठेवली आहे. कोपऱ्यात आता नुसतं अधिकचं चिन्ह आहे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अंघोळीनंतर हात जोडले आणि पुढं काहीच आलं नाही.

आई चुलीपुढं बसून एकेक ओळ म्हणायची आणि मी तिच्यामागून म्हणायचो, एवढं कळतं. ओळी नाहीत. ओठ हलवून पाहिले. जिथं शब्द असायचे तिथं नुसती जागा. पडलेल्या दाताची लागते तशी.

आणि मग भिंतीपलीकडून तीच प्रार्थना ऐकू आली. हळू, पण अडखळ नाही. माझ्या आईच्या हेलात. माझी आई एका शब्दाशी श्वास घ्यायला थांबायची, तिथंच थांबून.

साहेब जन्मात कधी देवापुढं उभे राहिले नाहीत, हे वहिनींनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

जाऊन नकाशा पाहिला. अधिकचं चिन्ह उघडलेलं होतं. प्रार्थना त्यांच्या 'मी'खाली. त्यांनी ती कालच नेली असणार, मी औषधं आणायला गेलो होतो तेव्हा.

२३ फेब्रुवारी, शनिवार

नियम मोडला. प्रार्थना ओढून माझ्याकडे आणली.

आली! सगळ्या ओळी आल्या. मी उभ्यानंच म्हणू लागलो, डोळ्यांतून पाणी. पण मध्येच तोंडून दुसरंच निघालं. कोणत्या खांबाला किती जाडीची सळई आणि नदीचा तळ कुठं कच्चा. मला यातलं काही येत नाही. फुग्याचं चिन्ह उघडून पाहिलं. साहेबांनी प्रार्थनेखाली आपला एक खांब आणून जोडला होता. तोही सोबत आला.

बाहेर कप पडला. साहेब वहिनींशी बोलत होते, ते वाक्याच्या मध्येच थांबले होते. ओठ पुन्हा ओघळलेला, चहा हनुवटीवरून शर्टावर. वहिनी त्यांचे गाल धरून म्हणत होत्या, बोला ना, अहो काहीतरी बोला. साहेब म्हणाले, 'बरोबर.'

मला बघवलं नाही. मी आत जाऊन प्रार्थना होती तिथं ठेवून दिली, तसं बाहेर साहेबांचं वाक्य पुढं सुरू झालं. देव काही शब्दांचा भुकेला नाही. आता सकाळी नुसते हात जोडून उभा राहतो.

पण भीती वाटते. फार वाटते.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

माझे फुगे पुसूनच टाकावेत म्हणून आधी लहानसा पुसून पाहिला. पुसल्यावर लगेच मागच्या पानावर बघितलं तर मी 'सायकल' असं लिहिलेलं आहे. कसली सायकल? साहेबांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नाही. म्हणजे पुसलं की दोघांकडूनही जातं. कायमचं.

तेव्हा खारूला हात लावायचा नाही. मी संगणकापुढून उठत नाही. जेवणही तिथंच मागवतो. वहिनी म्हणाल्या, भाऊ, अंडी उबवताय की काय.

१ मार्च, शुक्रवार

मी न्हाणीघरात गेलो होतो. तेवढ्यातच—

परत आलो तर साहेब माझ्या स्टुलावर बसलेले. माझ्या फांदीवर आता काही नाही. नुसता 'भाऊ'.

३ मार्च, रविवार

मागची पानं वाचली. माझी एक मुलगी आहे. अक्षर माझं आहे, म्हणून मानतो.

संध्याकाळी फोन आला. बाईचा आवाज होता. तिनं बाबा म्हटलं. मी विचारलं, आपण कोण बोलताय? ती हसली. मग थांबली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, बाबा, चेष्टा करू नका. मला वाईट वाटलं, कोणाची तरी पोर घाबरली आहे म्हणून. तेवढंच वाटलं. तेवढंच वाटलं याची भीती आता वाटते आहे.

ती शनिवारी येणार आहे.

४ मार्च, सोमवार

साहेब चालू लागले. काठी घेऊन अंगणात. आणि त्यांनी हाक मारली. 'वकीलबाई, अहो वकीलबाई, चष्मा कुठाय माझा?'

वहिनी ओट्याशी होत्या. वळल्या नाहीत. तिथंच ओटा धरून उभ्या राहिल्या, पाठ हलत होती. हीच ती हाक. त्या फार वाद घालायच्या म्हणून.

मी नकाशा पाहिला. साहेबांनी 'वकीलबाई' लिहून खारूच्या फांदीखाली जोडली आहे. साहजिकच आहे. लेक म्हटली की तिची आई आलीच. वहिनींना मूलबाळ नाही. पण साहेबांच्या डोक्यात आता एक मुलगी आहे आणि तिची आई म्हणून वहिनी. पूल, घर, सगळं त्यांनी हळूहळू खारूच्या फांदीवर आणून बांधलं आहे. पक्का माणूस. भार कुठं द्यायचा ते कळतं.

वहिनींना सगळं सांगितलं, पानं वाचून दाखवली. त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, भाऊ, मी तुमच्या पाया पडते. माझं माणूस परत आलंय. चार आठवणी तुमच्याकडे नसल्या तर तुमचं काय अडणार आहे? माझ्याकडे तर माणूसच नव्हतं हो.

खरंच पाया पडल्या. मी मागे सरलो.

६ मार्च, बुधवार

मार्ग शोधला होता. वकीलबाईंचा फुगा खारूपासून सोडवून थेट साहेबांच्या 'मी'ला जोडायचा. मग खारूला एकटीलाच परत आणायचं. कोणाचं काही जाणार नाही.

जोडला. साहेब वहिनींकडे बघून म्हणाले, या बाई कोण? कोणाला भेटायचंय यांना?

रस्ताच तसा पडला आहे. खारूवरून गेल्याशिवाय त्यांना बायको सापडत नाही.

वहिनींचा चेहरा पाहिला आणि फुगा पुन्हा होता तिथं लावला. दोनदा चुकला.

९ मार्च, शनिवार

ती आली.

फाटकाशी एक मुलगी. बॅग. घामेजलेली. मी दिवाणखान्याच्या खिडकीत उभा. मनात म्हटलं, बघ, नीट बघ, ही तुझी. काही हललं नाही आत. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तसं.

साहेब अंगणात होते. काठी टाकून पुढं झाले. म्हणाले, 'खारू! आजही उलट्याच घातल्यास का गं चपला?'

ती जागीच थिजली. पायांकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. मग खिडकीत, माझ्याकडे. लहानपणी डाव्याची उजव्यात घालायची असावी. तिनं रडत तसं सांगितलं मला. म्हणाली, हे फक्त तुम्हाला माहीत होतं बाबा, या माणसाला कसं कळलं? तुम्ही सांगितलंत ना? सांगा ना, तुम्हीच सांगितलंत.

माझा हात धरून बसली होती. गरम, लहान हात. मी बाबासारखं काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलतात ते सुचेना. मी विचारलं, तुम्हाला पाणी आणू का?

तिनं हात सोडला.

साहेब दारात उभे होते. ते रडत होते. तिच्यासाठी. माझ्या रडण्यानं. ते म्हणाले, ये इकडे, बाबाकडे ये. आणि ती एक पाऊल—

नाही. गेली नाही. पण एक पाऊल टाकलं. मी पाहिलं.

१० मार्च, रविवार, सकाळ

हात जोडून उभा राहिलो. शब्द नव्हते. नुसतंच विचारलं. विहीर दिली, आईचे शब्द दिले, ते माझे होते. ही माझी वस्तू नाही, माणूस आहे. ती देण्याचा मला अधिकार नाही. वहिनी, मला क्षमा करा.

सोबत काय येईल ते ठाऊक आहे. आलं तर येऊ दे. सळया येतील, खांब येतील. सोसेन.

साहेब शेजारी खुर्चीत आहेत. बघताहेत. अडवत नाहीत. फुगा धरला. फांदी जड आहे, सरकतच नाही, सगळं मागून येतंय— 

केलं. आणली.

आली! खारू आली. चपला. तापात माझ्या छातीवर झोपलेली. दोन्ही हातांत धरून खाताना. शाळेचा पहिला दिवस, माझं बोट सोडेना. आणि कासव. कासव वर आलं पाण्यावर. आई धोपटते आहे. आईचे शब्द. सगळं, देवा, सगळं—

नदी. तळ कच्चा आहे, दुसऱ्या खांबाशी वाळू लागली, मुकादमाला सांगितलं होतं मी. मी नाही. साहेबांनी. उन्हात उभा राहून मीच तर—

खुर्चीत एक म्हातारा बसला आहे. ओठ ओघळलेला. माझ्याकडे बघून म्हणतोय, 'बरोबर.' कोणी आणून बसवला याला? आणि माझ्या खुर्चीत? माझी खुर्ची मागच्या खोलीत नव्हती का? स्टूल होतं. कोणाचं स्टूल—

खारू दारात आली आहे. बाबा म्हणते आहे. हो गं, हो राणी, मीच. ओळखलं मी. बघ, ओळखलं. थांब, तुझ्या आईला बोलावतो, ओट्याशी असेल ती. वकीलबाई! अहो वकीलबाई, या बाहेर, आपली लेक—

दोघी अशा मागे का सरताहेत? मी तर नुसता हात पुढं केला, डावा, उजवा उचलवत नाही म्हणून, आणि